परजीवी कोण?

इंग्लंडमधल्या हॅम्पशायरमध्ये ‘ले कोर्ट’ नावाचं अपंगांचं निवासगृह होतं. लेनर्ड चेशायर यांनी १९४८ साली सुरू केलेलं. पॉल हंट तिथे राहत. स्नायू क्षीण करणारा आजार, चाकाची खुर्ची आणि तल्लख डोकं. झोपायची वेळ आपली आपण ठरवावी, वाटलं तर एखादा पेला घ्यावा, एवढ्यासाठीही रहिवाशांना व्यवस्थापनाशी भांडावं लागे.

१९६२ साली या रहिवाशांनीच लंडनच्या टॅविस्टॉक इन्स्टिट्यूटला गाठलं. तज्ज्ञ येतील, आपली बाजू मांडतील अशी आशा होती. मला या हकिकतीत हेच महत्त्वाचं वाटतं. संशोधन त्यांच्यावर कुणी लादलं नव्हतं, त्यांनी ते मागून घेतलं होतं.

एरिक मिलर आणि जेराल्डिन ग्विन आले. सरकारी पैसा मिळाला. १९७२ साली पुस्तक आलं. निष्कर्ष काय, तर समाजाच्या लेखी ही माणसं मेल्यातच जमा. या ‘सामाजिक मृत्यू’पासून खऱ्या मृत्यूपर्यंतचा प्रवास सुसह्य करणं हे संस्थेचं काम! अशा संस्था असाव्यातच का, हा मूळ सवाल बाजूलाच राहिला.

त्याच वर्षी हंटनी ‘गार्डियन’ला पत्र लिहून अपंगांना एकत्र येण्याची हाक दिली. त्यातून त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. या संशोधनावरचा त्यांचा लेख मात्र १९८१ साली छापून आला, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. त्यात ‘परजीवी’ म्हटलंय ते संशोधकांना. तटस्थतेचा आव आणून ते सत्तेच्या बाजूने उभे राहिले, हा आरोप. लेख कडवट आहे, पण मला तो अन्याय्य वाटत नाही.

पुढे माइक ऑलिव्हर या समाजशास्त्रज्ञाने (तोही चाकाच्या खुर्चीतला) ब्रिटिश सरकारच्या अपंगत्व सर्वेक्षणातले प्रश्नच उलटे करून दाखवले. तुमच्या व्याधीमुळे बाहेर पडायला अडचण येते का, असं विचारण्याऐवजी त्याने विचारलं, तुमच्या परिसरातल्या कशामुळे अडचण येते? १९९२ साली त्याने आणखी पुढचं मांडलं: संशोधनाची सूत्रंच अपंगांच्या हाती हवीत.

आपल्याकडे १९९१च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्नच नव्हता. २००१मध्ये तो आला, तोही अपंग चळवळीने भांडून घालायला लावला म्हणून. त्यात दृष्टी, वाचा, श्रवण, हालचाल, मानसिक असे पाच रकाने होते. दवाखान्याला उतार आहे की पायऱ्या, याला रकाना नव्हता.