थोरांचे घराणे आणि बाजारातील छाप

थोर पुरुषाच्या नावावर हक्क कोणाचा, हा वाद आपल्याकडे पुष्कळदा होतो. परंतु त्याच्या घरच्या माणसांच्या नावावर हक्क कोणाचा, हे आपण क्वचितच विचारतो. पुढारी सार्वजनिक जीवन आपखुशीने पत्करतो. त्याच्या आईने, पत्नीने वा मुलाने ते पत्करलेले असतेच असे नाही. पुष्कळदा त्या जीवनाचा मान त्याच्याकडे जातो आणि ताप तेवढा घरच्यांच्या वाट्याला येतो. अशा माणसांचे चित्र मालावर छापून पैसा मिळविणे योग्य केव्हा आणि अयोग्य केव्हा, याचा विचार इतिहासाच्या आधाराने करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्र विकून नफा मिळविणे हे मुळातच पाप नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढण्यात पुढाकार घेतला. तेथे देवादिकांची व इतिहासातील पुरुषांची रंगीत चित्रे छापली जात आणि ती विकली जात. चित्रे विकली गेली म्हणूनच ती सामान्य माणसाच्या भिंतीवर पोहोचली. ज्याला राजवाड्यातील तसबीर कधी दिसली नसती, त्याच्या घरी इतिहास आला. तो धंदा होता, पण त्यात लोकशिक्षणही होते.

आपल्या वऱ्हाडातील उदाहरण पाहू. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाणारी माणसे परतताना पुस्तके, दिनदर्शिका व तसबिरी घेऊन येतात. त्यांत बाबासाहेबांच्या शेजारी रमाबाईंचे चित्र असते. रमाबाई १९३५ साली वारल्या. चार अपत्यांचे मृत्यू त्यांनी पाहिले आणि पती परदेशी शिकत असताना गरिबीत संसार ओढला. ती तसबीर विकणाऱ्याला चार पैसे सुटतात, हे खरे. पण घेणारा रमाबाईंसाठीच ती घेतो. चित्राआड दुसरा कोणताही माल दडलेला नसतो. म्हणून त्या नफ्याला आम्ही दोष देणार नाही.

दोष सुरू होतो तो चित्र आमिष बनते तेव्हा. १९२१ च्या जानेवारीत गांधीजींनी ‘यंग इंडिया’त आपल्या नावाने निघालेल्या सिगारेटींविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली. ज्याला धूम्रपानाचा तिटकारा, त्याचेच चित्र सिगारेटीच्या वेष्टनावर! तेथे गिऱ्हाइकाला हवी होती सिगारेट आणि विक्रेत्याला हवी होती गांधीजींची पुण्याई.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली बोधचिन्हे व नावे यांचा गैरवापर रोखणारा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टातील एका नोंदीत पुढे छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी व देशाचे पंतप्रधान यांची नावे व चित्रे आली. त्या नोंदीत दिनदर्शिकेला सवलत आहे. मात्र तिच्यावर केवळ ती काढणाऱ्याचे व छापणाऱ्याचे नाव असावे, मालाची जाहिरात नसावी. तसबीर आणि आमिष यांतील भेद कायद्यानेही ओळखला, असा याचा अर्थ. परंतु त्या नोंदीत जिजाऊ नाहीत, संभाजी महाराज नाहीत, कस्तुरबाही नाहीत. म्हणजे तिने नेत्याला कुंपण घातले, त्याचे घर उघडेच राहिले.

त्या उघड्या जागेत काय घडले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १६८९ साली औरंगजेबाच्या कैदेत हाल सोसून प्राण देणाऱ्या संभाजी महाराजांचे नाव व चित्र पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीच्या विडीच्या बंडलावर कित्येक वर्षे होते. बंडल ओढून होताच ते चित्र पायदळी जाई. २०२० साली विरोधाने जोर धरला आणि २०२१ साली ती विडी ‘साबळे विडी’ झाली. झाले ते योग्यच झाले. परंतु विडी वळणाऱ्या बायांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. बंडलावर नाव कोणते असावे, हे त्यांना कोणी विचारलेले नसते. पातूरच्या डोंगरातील माणसाला तेंदूपानाचे मोल वेगळे सांगायला नको. खप घटला तर पहिला फटका या हातांना बसतो. पुण्याईचा लाभ मालकाने घेतला असेल, तर ती परत करण्याचा खर्चही मालकाच्याच गल्ल्यातून गेला पाहिजे.

कोणी म्हणेल, वारसांची संमती घेतली की प्रश्न मिटतो. तसे नाही. २००९ साली माँ ब्लाँ कंपनीने गांधीजींच्या नावाने लाखो रुपये किमतीची सोन्याची लेखणी काढली. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून २४१ नग. गांधीजींचे पणतू तुषार गांधी यांचा तिला पाठिंबा होता. कंपनीकडून मिळालेली देणगी बालमजुरांच्या निवाऱ्यासाठी होती. हेतू वाईट नव्हता. तरीही प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० साली भारतातील विक्री थांबली. वारसाला घर मिळते, शेत मिळते. पण लोकांनी वाहिलेली श्रद्धा सातबाऱ्यावर चढत नाही.

तेव्हा आमच्या मते पुसायचे ते एवढेच: वस्तू त्या व्यक्तीसाठी घेतली जाते, की व्यक्ती वस्तूसाठी वापरली जाते? त्या व्यक्तीने जन्मभर जे नाकारले, तेच तिच्या नावावर विकले जाते काय? आणि नफा कोणाकडे, अप्रतिष्ठा कोणाकडे? रमाबाई, जिजाऊ, संभाजी महाराज ही उत्तरे द्यायला येणार नाहीत. कायद्याची नोंदही त्यांच्या दारापर्यंत पोहोचलेली नाही. म्हणून बाजारात चार आणे अधिक देऊन तसबीर घेणाऱ्याने, आणि छाप पाहून माल परत ठेवणाऱ्याने, ती उत्तरे द्यायची आहेत.