सवयीला पाया लागतो : हैदराबादच्या आरोग्याचा एक इतिहास



यंदाच्या व्याख्यानमालेत 'निरोगी राहण्याच्या रोजच्या सवयी' या विषयावर बोलावे, अशी सूचना आली तेव्हा मी लगेच होकार दिला. पस्तीस वर्षे दवाखाना चालवलेल्या माणसाला हा विषय सोपा वाटतो. लवकर उठा, चाला, दोन घास कमी जेवा, वेळेवर झोपा. एवढे तर मी रोज सांगतच असतो. पण टिपणे काढायला बसलो आणि एका बाईंचा प्रश्न आठवला. काचीगुड्याकडे राहणाऱ्या, शिवणकाम करून घर चालवणाऱ्या या बाईंच्या रक्तात साखर नुकतीच सापडली होती. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "ताई, रोज पाऊण तास चालायचं." त्या म्हणाल्या, "चालते की डॉक्टरसाहेब. पण कुठे चालू, तेवढं सांगा." त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, पदपथावर दुकाने, पहाटे मोकाट कुत्री आणि रात्री अंधार. मला उत्तर देता आले नाही.

त्या प्रश्नामुळे माझ्या व्याख्यानाची दिशा बदलली. सवय ही ज्याच्या-त्याच्या मनाची गोष्ट आहे, निश्चय केला की जमते, असे आपण धरून चालतो. आपल्या जुन्या ग्रंथांनाही सवयीचे महत्त्व ठाऊक होते. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आणि तिसरा ऋतुचर्येचा आहे. रोगांची चर्चा त्यानंतर येते. आमच्या होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी 'ऑर्गेनन'च्या ७७ व्या सूत्रात सांगितले आहे की, दलदलीच्या जागी किंवा तळघरात राहिल्याने, मोकळी हवा आणि हालचाल न मिळाल्याने जडणारी दुखणी राहणीमान सुधारले की पुष्कळदा आपोआप जातात. ते वाचताना विद्यार्थिदशेत माझे लक्ष 'राहणीमान' या शब्दाकडे गेले, 'जागे'कडे गेले नाही. दलदलीत आणि तळघरात माणूस हौसेने राहत नाही. सवयीला पायाखाली जागा लागते. आपल्या या शहराच्या आणि जुन्या हैदराबाद संस्थानाच्या इतिहासात ही गोष्ट तीनदा दिसते : पाण्यात, भाकरीत आणि पावलात.

पाणी

हैदराबादचा माणूस 'गंडीपेटचं पाणी प्यायलेला' असल्याचा अभिमान सांगतो. हे पाणी नळाला आले त्यामागे मोठा अनर्थ आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने हजारो माणसे आणि वस्त्याच्या वस्त्या गिळल्या. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण झाले. पूर अडवायचा आणि तेच पाणी शहराला पाजायचे, अशा दुहेरी विचारातून मुसीवर उस्मानसागर, म्हणजेच गंडीपेटचा तलाव, १९२० साली पुरा झाला आणि ईसा नदीवरचा हिमायतसागर १९२७ साली. मधल्या काळात प्लेगही येऊन गेला होता आणि १९१२ साली नगर सुधारणा मंडळ स्थापन होऊन कोंदट वस्त्या मोकळ्या करण्याचे काम हाती घेतले गेले. 'स्वच्छ पाणी प्या' हा उपदेश त्याआधीही होता. तो पाळणे शहरवासीयांना शक्य झाले ते धरण, नळ आणि गटार झाल्यावर.

संस्थानातल्या खेड्यांची गोष्ट वेगळी. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे याच राज्यात होते आणि आमचे मूळ गाव त्यांतच. माझ्या पिढीतल्या मराठवाड्याच्या माणसाला 'नारू' हा शब्द ऐकला तरी अंगावर काटा येतो. पायावर फोड उठायचा, फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोके बाहेर काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस आडवा. जंताची लांबी मीटरभर भरे. ऐन पेरणीच्या दिवसांत कर्ता माणूस ओट्यावर पाय पसरून बसलेला मी लहानपणी पाहिला आहे.

नारूचे चक्र साधे आहे. बारवेत पायऱ्या असतात. नारू झालेला माणूस आग होणारा पाय घेऊन पाण्यात उतरतो, जंत तिथे हजारो अळ्या सोडतो, त्या ठिपक्याएवढ्या पाणकिड्यांच्या पोटात जातात. ते पाणी दुसरा कोणी पितो आणि सुमारे वर्षाने त्याच्या पायाला फोड येतो. हा पाणकिडा फडक्यात अडकतो.

आमची आजी जैन आचाराप्रमाणे पाणी दुहेरी, घट्ट विणीच्या फडक्यातून गाळल्याशिवाय घरात घेत नसे. तिला नारूचे चक्र ठाऊक नव्हते. पाण्यातले जीव आपल्या हातून मरू नयेत, एवढीच तिची भावना. गाळून झाले की ती फडके उलटे धरून त्यावर गाळलेले पाणी ओतायची आणि अडकलेले जीव जिथले तिथे, म्हणजे बारवेत, सोडायची. आमच्या घरात कोणाला नारू झाला नाही. शेतावरच्या गड्यांच्या घरात तो पुन्हा पुन्हा व्हायचा. वैद्यकी शिकल्यावर मला उमगले की आजीच्या सवयीने घर राखले, बारव तशीच राहिली. परत सोडलेले जीव दुसऱ्याच्या घागरीत जात होते. आजीला मी दोष देत नाही. आपल्या उंबऱ्याच्या आत एका घराची सवय जेवढे करू शकते तेवढे तिने केले.

नारू हटला तो १९८३-८४ पासून राबवलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून त्यांना कठडे आणि रहाट बसवले, हातपंप खोदले, पाण्यात औषध टाकून पाणकिडे मारले आणि घरोघर गाळणीची फडकी वाटली. जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. या रोगावर लस नव्हती आणि कोणत्याही पॅथीचे रामबाण औषध नव्हते. आमच्या साखरेच्या गोळ्या तर नव्हत्याच. आजीचे फडके मात्र होते. ते सगळ्यांच्या हातात गेले आणि जोडीला विहिरीला कठडा आला, तेव्हा काम झाले.

भाकरी

दुसरी कहाणी आपल्या तारनाक्याची. तिथली राष्ट्रीय पोषण संस्था मुळात हैदराबादची नव्हे. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ साली नीलगिरीतल्या कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत तिचा आरंभ केला. बेरीबेरी हा सडीक, पांढराशुभ्र भात खाणाऱ्यांचा आजार. पुढे संस्थेचा व्याप वाढला, १९५८ साली ती हैदराबादला आली आणि १९६९ साली तिला आजचे नाव मिळाले.

इथे आल्यावर तिच्यापुढे भाताऐवजी ज्वारीचे कोडे उभे राहिले. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर पोट भरणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा दिसत होता. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, गळ्याभोवती, हातांवर काळे चट्टे, मागोमाग जुलाब, आणि शेवटी बुद्धिभ्रम. जगाला हा आजार मक्यावर जगणाऱ्यांचा म्हणून माहीत होता. अमेरिकेच्या दक्षिण भागात जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो जंतूंमुळे नसून निकृष्ट आहारामुळे होतो, हे दाखवून दिले होते. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले की ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाच्या आधिक्याचा या आजाराशी संबंध असावा. त्या उपपत्तीवर पुढे पुष्कळ वाद झाला. पण जेवणात ज्वारीखेरीज दुसरे काही नसणे घातक, हा व्यवहारातला धडा वादातीत राहिला.

मला हे महत्त्वाचे वाटते, कारण आज ज्वारीचे दिवस पालटले आहेत. १९८३ साली आंध्रात दोन रुपये किलो तांदूळ आला आणि गरिबाच्या ताटात भाताचा ढीग वाढला. ज्वारीवर सगळी भिस्त असलेली घरे कमी होत गेली, तसा पेलाग्राही दिसेनासा होत गेला. आणि आता २०२३ चे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यावर तीच ज्वारी मॉलमध्ये सुबक पाकिटात बसली आहे. राजेंद्रनगरला तर भरडधान्यांची राष्ट्रीय संशोधन संस्थाच आहे. माझ्याकडे येणारे लोक मोठ्या अभिमानाने सांगतात, "डॉक्टर, भात सोडला, भाकरी धरली." त्यांचे कौतुक करतो आणि विचारतो, "भाकरीबरोबर काय?" मराठवाड्यातल्या धडधाकट शेतकऱ्याच्या भाकरीसोबत वरण किंवा पिठले, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर ताक असे. पेलाग्रा झालेल्या मजुराच्या भाकरीसोबत तिखट आणि मीठ असे. दोघांची सवय एकच, भाकरी खाण्याची. फरक होता तो भाकरीच्या शेजारी काय होते याचा, आणि ते ठरवत होती मजुरी. म्हणून कोणत्याही एका धान्याला अमृत म्हणू नका आणि एकाला विषही म्हणू नका. ताटात डाळ, पालेभाजी, ताक आहे ना, ते पाहा.

पाऊल

तिसरी गोष्ट चालण्याची. ८ मार्च १९५१ रोजी विनोबा भावे वर्ध्याजवळून पायी निघाले ते हैदराबादशेजारच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी. पंचावन्न वर्षांचे, तब्येतीने किरकोळ विनोबा सुमारे ३०० मैल अंतर महिनाभरात चालून आले. तिथून तेलंगणात हिंडत १८ एप्रिलला पोचमपल्लीला पोचले आणि भूदानाचा आरंभ झाला, हे आपण जाणतोच. मला त्यातला चालण्याचा भाग पाहायचा आहे. आमचे साधू-साध्वी आजही चातुर्मास सोडला तर असाच पायी विहार करतात. त्या काळच्या सामान्य माणसालाही 'व्यायाम म्हणून चालणे' ही कल्पना चमत्कारिक वाटली असती. बाजाराला, शाळेला, सोयऱ्यांकडे जायचे म्हणजे चालायचे. चालणे जगण्यात विरघळलेले होते.

गेल्या पन्नास वर्षांत आपण ते जगण्यातून काढले आणि गोळीसारखे वेगळे करून घ्यायला सांगू लागलो. परिणाम आकड्यांत दिसतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या सहा महानगरांच्या मधुमेह पाहणीत हैदराबादच्या प्रौढांतले प्रमाण १६.६ टक्के निघाले, सहाही शहरांत सर्वांत जास्त, मुंबईचे ९.३ होते. खाणेपिणे, वंश, ताण अशी कारणे पुष्कळ आहेत. पण ज्या शहरात पायी जाणारा माणूस रस्त्यावर अडचण ठरतो, तिथे चालण्याचा उपदेश बंजारा हिल्सच्या कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यानाशेजारी राहणाऱ्याला जेवढा सोपा आहे तेवढा काचीगुड्याच्या गल्लीतल्या बाईला नाही. उपदेश एकच, जागा वेगळी.

याचा अर्थ आपण हातपाय गाळून बसावे असा नाही. आजीने बारवेला कठडा बांधला जाण्याची वाट पाहिली नाही. तिने फडके घेतले. तेवढे आपणही करावे. रात्रीचे जेवण लवकर उरकावे, एक-दोन मजले पायऱ्यांनी चढावे, घरातल्या घरातही तासाला पाच मिनिटे उठून फिरावे, साखर आणि मीठ मोजून घालावे. पण तेवढ्यावर थांबलो तर आपले घर राखले जाईल आणि बारव तशीच राहील. म्हणून दुसरे कामही सवयीचेच व्हावे : पदपथ मागणे, बागेची वेळ वाढवून घेणे, गल्लीत दिवा लावून घेणे.

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना मी आठ दिवसांनी उत्तर दिले. त्यांच्या घरापासून जवळच एका शाळेचे मैदान होते, पहाटे कुलूपबंद. आम्ही मोहल्ल्यातल्या चाळीसएक जणांच्या सह्यांचे पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटलो. पहिल्यांदा नकार मिळाला, तिसऱ्या भेटीत किल्ली मिळाली : सकाळी साडेपाच ते सात. आता तिथे चाळीसच्या जागी साठ-सत्तर माणसे फिरतात. बाईंची साखर बरीच आटोक्यात आहे. औषधे चालूच आहेत, ती त्यांनी माझ्या सांगण्याने बंद केलेली नाहीत. किल्ली त्यांच्याकडेच असते. पाऊस असो वा थंडी, साडेपाचला कुलूप उघडावेच लागते, म्हणून त्यांचे चालणे चुकत नाही.