पेशीपटलातून रेणूंचे वहन

पेशीपटल ओलांडून रेणूंची होणारी ये-जा. हे पटल मेदाच्या दोन थरांचे असते आणि मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असते. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड असे लहान, भाररहित रेणू त्यातून सहज पार होतात. जास्त संहतीकडून कमी संहतीकडे होणारे हे विसरण. सोडियमचा आयन छोटाच, पण त्याच्यावर विद्युतभार असतो. मेदात त्याला थारा नाही. त्याला प्रथिनांनी करून दिलेली वाटच लागते.

हा भेद उघड्यावर पाहायचा तर रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीतले तिवराचे झाड पाहावे. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. एवढ्या खारटपणात साध्या झाडाच्या मुळांतले पाणी परासरणाने बाहेरच निघून जाईल. तिवर मात्र याच पाण्यावर जगतो. त्याच्या मुळांत पेशींमधल्या फटी मेणचट पट्ट्यांनी बुजलेल्या असतात, त्यामुळे पाण्याला पेशीपटलातूनच आत यावे लागते. पटलातली अ‍ॅक्वापोरिन ही प्रथिने पाण्याला वाट देतात, क्षारांना देत नाहीत. (त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना 2003 चे नोबेल मिळाले.) पाण्याला वर खेचते ती पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाची ओढ. सुमारे नव्वद टक्के मीठ मुळांबाहेरच राहते.

उरलेले पानांपर्यंत चढते. तिथल्या लवणग्रंथी ते बाहेर टाकतात, तेही कमी संहतीकडून जास्त संहतीकडे. हे आपसूक घडत नाही. एटीपी या रेणूतली ऊर्जा खर्चावी लागते, म्हणून ते सक्रिय वहन. वैशाखातल्या दुपारी तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात, बोटाला लागतात आणि चवीला खारटच असतात. पहिल्या पावसात ते धुऊन जातात. शेजारच्या कांदळाच्या पानांवर असे कण नसतात, कारण तो मुळांशीच अधिक कसून मीठ अडवतो.

प्राण्यांत सक्रिय वहनाचे काम प्रामुख्याने सोडियम-पोटॅशियम पंप करतो: दर फेरीला 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. येन्स स्कू यांनी 1957 मध्ये तो दाखवून दिला.

या पंपामुळे पेशीत सोडियम कमी राहते, आणि त्याचा उपयोग आतड्याला होतो. तिथे एकच प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेते. मागोमाग पाणी येते. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून वाचवले ते याच वाटेने. जुलाब झालेल्याला मीठ घालून दिलेल्या तांदळाच्या पेजेतही पिष्टाचे ग्लुकोज होते आणि ते सोडियमबरोबर आत शिरते.