आंबट वाईन, काळं कासिस आणि दिजोंचे महापौर

जूनच्या शेवटच्या आठवड्यात दिजोंला सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. निफाडहून गेलेल्या मुलीला याची सवय व्हायला वेळ लागला. आमच्याकडे सात म्हणजे दिवेलागण, तिथे सातला भिंतीवर लख्ख ऊन. दुपारभर लावून घेतलेल्या लाकडी झडपा माझ्या घरमालकीणबाई त्या सुमाराला उघडायच्या. मग फ्रिजमधून वाईनची बाटली निघायची आणि कपाटातून दुसरी, छोटी, आतला रस इतका काळा की बाटलीच काळी वाटावी अशी. दिजोंच्या विद्यापीठात वाईनचं शास्त्र शिकत होते ती दोन वर्षं मी त्यांच्या वरच्या खोलीत राहिले. वर्गात जे शिकले ते वहीत आहे. पण बरगंडीचं जे अंगात मुरलं, ते या बाईंच्या टेबलाशी.

पहिल्याच संध्याकाळी मी मदतीला म्हणून पेल्यात वाईन ओतायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "आधी कासिस, मग वाईन. हे बघा." त्यांनी रिकाम्या पेल्याच्या तळाशी काळा रस ओतला, जेमतेम नखभर. वरून थंड वाईन सोडली. रस तळातून उठला, वळसे घेत वर आला आणि चमचा न लावता सगळा पेला जांभळट गुलाबी झाला. कासिस साखरेच्या पाकासारखं जड असतं. ते नंतर घातलं तर थेट तळाला जाऊन बसतं आणि ढवळावं लागतं. साध्या वाईनमध्ये ढवळलं तर एक वेळ चालेल, पण रविवारी पाहुणे आले की त्या साध्या वाईनऐवजी बुडबुड्यांची क्रेमां उघडायच्या, आणि तिच्यात चमचा घातला की बुडबुडे उडून जातात. म्हणून हा क्रम.

साध्या वाईनचं ते 'कीर', बुडबुड्यांच्या वाईनचं 'कीर रोयाल'. मराठीत कीर म्हणजे पोपट. मला तो शब्द तिथे ऐकताना फार गोड वाटायचा, पण तिथे ते एका माणसाचं आडनाव आहे. त्या माणसाकडे येतेच, आधी पेल्यात काय आहे ते सांगते.

जेवणाआधी घ्यायच्या हलक्या पेयाला फ्रेंच लोक आपेरितीफ म्हणतात. 'उघडणं' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला शब्द, भूक उघडणारं पेय. आज मोठ्या हॉटेलांच्या यादीत कीर रोयाल शँपेनबरोबर मिरवतं आणि लोकांना ते श्रीमंतांचं पेय वाटतं. ते तसं नाही. त्याचा जन्म दुय्यम वाईनमधून झाला आहे.

बरगंडीत उतारावरची उत्तम जमीन पिनो न्वार आणि शार्दोने या दोन द्राक्षांना मिळते. आलिगोते नावाचं तिसरं एक पांढरं द्राक्ष आहे. त्याच्या वाट्याला वरची थंड टेकाडं आणि खालची सपाट रानं. १९३७ पासून त्याच्या वाईनला स्वतःच्या नावाचा अधिकृत दर्जा आहे, पण मान धाकट्या भावाचा. थंड वर्षी ही वाईन इतकी आंबट होते की जिभेच्या कडा आकसतात. मी फोनवर घरी आप्पांना हे सगळं समजावून सांगितलं. आप्पांनी चाळीस वर्षं थॉमसनची बाग केली. एक्स्पोर्टचा माल निघाला की उरलेल्या मण्यांचं काय करायचं, यावरच घराचं गणित ठरतं हे त्यांना पाठ. ते म्हणाले, "म्हणजे त्यांनी आंबट मालाला गिऱ्हाईक शोधलं." इतक्या थोड्या शब्दांत हा इतिहास मला कुणी सांगितला नव्हता.

कासिस म्हणजे काळ्या रंगाचं, वाटाण्याएवढं, झुडपाला घोसाने लागणारं फळ. करवंदाचा आंबटपणा आणि त्यामागे एक उग्र, रानटी वास. न्वी-सँ-जॉर्जजवळच्या एका शेतात मी जुलैच्या तोडणीला गेले होते. फळ तोंडात टाकायच्या आधी नुसतं पान बोटांत चुरडलं, तर हात संध्याकाळपर्यंत दरवळत होता. हिवाळ्यात या झुडपांचे डोळेसुद्धा खुडतात, अत्तरवाल्यांसाठी. छाटणीच्या वेळी एकेक डोळा मोजून राखणाऱ्या घरातली मी, डोळेच विकायचे हे ऐकून आधी दचकले.

हे फळ आधी औषध म्हणून गाजलं. १७१२ साली बायी द मोंतारां नावाच्या धर्मगुरूने कासिसच्या अद्भुत गुणांवर एक पुस्तिकाच लिहिली आणि लोकांनी परसात झुडपं लावली. दिजोंच्या ओग्यूस्त-दनी लागूत यांनी १८४१ मध्ये त्याचं 'क्रेम' केलं. क्रेम म्हणजे इथे साय नव्हे, दाटपणा. कृती सांगायला सोपी आहे. फळ मद्यार्कात कित्येक आठवडे भिजत ठेवायचं, रंग-वास-स्वाद उतरला की रस काढायचा आणि साखर घालायची. साखर किती, तर आजच्या नियमाने लिटरला किमान ४०० ग्रॅम. इतर फळांच्या क्रेमला २५० ग्रॅम पुरतात. कासिसचा आंबटपणा एवढी साखर मागतो. अवघड आहे ते फळ जपणं. तोडल्यावर त्याचा वास हवेने झपाट्याने उतरतो, म्हणून आता कारखाने ते लगेच गोठवून ठेवतात आणि वर्षभर लागेल तसं काढतात.

    

पांढरी वाईन आणि कासिस एकत्र कुणी केलं? दिजोंत सांगतात की १९०४ मध्ये मोंशापे नावाच्या कॅफेतल्या फेव्र नावाच्या वेटरने. त्याच वर्षी महापौर झालेले समाजवादी आंरी बाराबां यांनी पालिकेच्या समारंभात महागड्या शँपेनऐवजी हेच द्यायला सुरुवात केली, असंही सांगतात. वेटरची गोष्ट खरी असो नसो, महापौरांच्या गोष्टीला तर्क आहे. गावच्या तिजोरीतून पाहुणचार करायचा तर गावातलाच माल, तोही स्वस्त. या पेयाला तेव्हा 'ब्लां-कासिस' म्हणत, म्हणजे शब्दशः 'पांढरी-कासिस'. तेव्हा त्यात कासिस एक तृतीयांश असे. आज कुणी पिऊ शकणार नाही इतकं गोड. आता नऊ भाग वाईन आणि एक भाग कासिस हे प्रमाण सर्रास दिसतं.

आता फेलिक्स कीर. जन्म १८७६, गाव आलीझ-सँत-रेन. इसवी सनपूर्व ५२ मध्ये ज्युलियस सीझरने गॉल लोकांच्या व्हर्सिंगेटोरिक्सला वेढा घालून हरवलं ते ठिकाण तिथलंच मानतात. १९०१ मध्ये कीर पाद्री झाले, पुढे चर्चने त्यांना 'शानवान' ही मानाची पदवी दिली. जून १९४० मध्ये जर्मन फौजा दिजोंत शिरल्या तेव्हा महापौर शहर सोडून गेलेले होते. शहर चालवायला जी समिती बसली तिच्यात हे चौसष्ट वर्षांचे पाद्री होते. लोंव्हिकच्या छावणीतून हजारो युद्धकैद्यांना बाहेर काढण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. जर्मनांनी त्यांना पकडलं, सोडलं. जानेवारी १९४४ मध्ये जर्मनांच्या फ्रेंच साथीदारांनी घरात शिरून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते जखमी झाले, वाचले आणि शहर मुक्त होईपर्यंत लपून राहिले. १९४५ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, दिजोंने त्यांना महापौर केलं आणि संसदेतही पाठवलं. पायघोळ काळा झगा घालूनच ते सभागृहात बसत. १९५८ मध्ये पाचव्या प्रजासत्ताकाच्या संसदेची पहिली बैठक सुरू झाली ती वयाने सर्वांत ज्येष्ठ म्हणून त्यांच्याच अध्यक्षतेखाली.

पालिकेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे महापौर ब्लां-कासिस देत. जुळ्या शहरांची मंडळी, परदेशी शिष्टमंडळं, कुणीही असो, राजवाड्यातल्या पालिकेच्या दालनात हातात तोच पेला. इथे एक लोकप्रिय गोष्ट सांगतात, की जर्मनांनी लाल वाईन लुटून नेली, म्हणून कीर यांनी पांढरीत कासिस घालून तिला लाल केलं. मला ही गोष्ट पटत नाही. ब्लां-कासिस त्यांच्या कितीतरी आधीपासून दिजोंत होतं. त्यांनी पेय शोधलं नाही, पाहुण्यांसमोर ते ठेवताना संकोच केला नाही. माझ्या मते हे शोधापेक्षा मोठं काम आहे.

मग नावाचं प्रकरण. २० नोव्हेंबर १९५१ रोजी कीर यांनी एक पत्र लिहून दिलं. लजे-लागूत या कारखान्याला, म्हणजे १८४१ च्या त्याच लागूत यांच्या वारसांना, आपलं नाव कासिसच्या जाहिरातीसाठी आणि विशेषतः ब्लां-कासिसला द्यायला वापरण्याचा एकट्याचा हक्क त्यांनी दिला. पण नाव लोकांच्या तोंडी बसलं की ते कुणा एकाचं राहतं का? दिजोंतले दुसरे कासिसवालेही 'कीर' लिहू लागले. वाद न्यायालयांच्या पायऱ्या चढत गेला आणि १९९२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लजे-लागूतच्या बाजूने कौल दिला. बाटलीवर छापायचा हक्क त्यांचा. कॅफेत बसून एक कीर मागायचा हक्क मात्र सगळ्या फ्रान्सचा.

दुसरा खटला याहून कितीतरी मोठा ठरला. कोलोनच्या रेवे या जर्मन कंपनीला दिजोंचं कासिस मागवायचं होतं. जर्मन कायदा म्हणे, फळांच्या मद्यात किमान २५ टक्के मद्यार्क हवा. कासिसमध्ये १५ ते २०. जर्मन सरकारचा एक युक्तिवाद असा, की हलकी मद्यं बाजारात आली तर लोकांना दारूची सवय लवकर लागेल. २० फेब्रुवारी १९७९ रोजी युरोपीय न्यायालयाने हे फेटाळलं. मद्यार्क किती ते बाटलीवर लिहा, पुरे आहे. एका सदस्य देशात कायदेशीरपणे तयार होऊन विकला जाणारा माल तसंच सबळ कारण असल्याशिवाय दुसऱ्याने अडवू नये, हे तत्त्व या निकालातून आलं आणि युरोपची सामाईक बाजारपेठ त्यावर उभी राहिली. कायद्याचे विद्यार्थी आजही त्याला 'कासिस द दिजों' म्हणूनच ओळखतात. नखभर रसाने केवढी मजल मारली, हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे मान हलवली. त्यांना ठाऊक होतं.

कीर यांनी मागे ठेवलेली आणखी एक गोष्ट म्हणजे तलाव. ऊश नदी अडवून शहराच्या पश्चिमेला त्यांनी ३७ हेक्टरचा जलाशय करवून घेतला, १९६४ मध्ये तो पुरा झाला. उन्हाळ्यात दिजोंची पोरं तिथे पोहतात. १९६८ मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी, महापौरपदावर असतानाच ते गेले.

आता कासिसवाल्या शेतकऱ्यांची काळजी वेगळी आहे. 'न्वार द बूर्गोन्य' हे तिथलं खास वाण. त्याला हिवाळ्यात कडक थंडी लागते, आणि फळ नीट धरायला शेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी लावाव्या लागतात, नाहीतर फुलांना परागकण पुरत नाहीत. हिवाळे उबदार होत चालले आणि मधमाश्या घटल्या, तशी झुडपं फुलतात पण घोस भरत नाहीत. त्या जुलैत शेताच्या बांधावर मी हे ऐकलं तेव्हा अवकाळीत झोपलेली आमची बाग डोळ्यांपुढे आली. द्राक्ष काय नि कासिस काय, आभाळाकडे बघणारे डोळे सारखेच.

बुडबुड्यांची वाईन महाराष्ट्राला नवी नाही. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याच्या पारंपरिक पद्धतीने ती केली आणि 'ओमर खय्याम' नावाने परदेशी पाठवली. २०१३ पासून दिंडोरीला शाँदों कंपनीची होते. ती आमच्या घरापासून लांब नाही.

गेल्या मे महिन्यात सुरगाण्याकडच्या बायका करवंदाच्या पाट्या घेऊन बाजारात आल्या होत्या. मी दोन किलो घेतली आणि ब्रँडीत भिजत घातली. महिन्याने गाळून साखर घातली, लिटरला ४०० ग्रॅम, दिजोंच्या मापाने. जूनमध्ये पहिल्या पावसाआधीच्या एका संध्याकाळी ओट्यावर बसून आधी करवंदाचा रस, मग दिंडोरीची वाईन ओतली. रंग कासिसहून फिका आला, वास मात्र आमच्या डोंगराचा. आप्पांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "याचं नाव काय?" अजून काही ठेवलेलं नाही. दिजोंतही ब्लां-कासिसला त्याचं आजचं नाव मिळायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.