ओळ आणि सूर : जात्यावरील ओव्यांच्या ध्वनिसंग्रहाचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळघाट हे गाव वऱ्हाडच्या बालाघाटावर, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारी भागात वसलेले आहे. तेथून बुलढाण्यास येऊन राजूरचा घाट उतरला की मोताळा व पुढे मलकापूर लागते, आणि मलकापूरच्या पश्चिमेस खानदेश सुरू होतो. मलकापूर-नांदुरा भागातील लेवा समाजाची बोली आणि जळगावनजीकच्या आसोदे या गावची बोली या एकाच बोलीच्या शाखा होत. त्या आसोद्यास बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जन्मल्या. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीने शेतात व घरात काम करीत असता रचलेली गाणी तिचे पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवली. तिच्या मृत्यूनंतर ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली, आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. हा सर्व वृत्तांत मराठी वाचकास परिचित आहे.

त्यामानाने एका गोष्टीकडे क्वचितच लक्ष दिले जाते. जे उरले ते शब्द होत. बहिणाबाई ती गाणी कोणत्या चालीवर म्हणत, कोठे थांबत, कोणता शब्द लांबवीत, हे त्या वहीत नव्हते, आणि वहीत ते असणे शक्यही नव्हते. ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटातून वसंत पवार यांच्या संगीतात तिची गाणी घरोघरी पोहोचली व त्या चाली लोकांच्या मनात कायमच्या रुजल्या. त्या चाली सुंदर आहेत याबद्दल वाद नाही. परंतु त्या पवारांच्या आहेत. मूळ गाणारीचा कंठ इतिहासास अनुपलब्ध राहिला.

असे का व्हावे? ध्वनिमुद्रणाची विद्या त्या काळी या देशात नवी नव्हती. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले, त्यास बहिणाबाईंच्या मृत्यूसमयी जवळजवळ अर्धशतक उलटले होते. परंतु तबकडीचा धंदा हा बाजाराचा धंदा. ज्याच्या गाण्यास गिऱ्हाईक त्याचेच गाणे मुद्रित होई: गवई, नाटकातील नट, कीर्तनकार, पुढे सिनेमातील पार्श्वगायक. शिवाय जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. जात्यावर बसलेल्या बाईचे गाणे पायलीभर दाणे संपेपर्यंत चाले. ते कोणास ऐकविण्यासाठी नसे. त्यास आरंभ होता तो कामाचा आणि शेवटही कामाचाच. अशा रचनेस धंद्याच्या मोजमापात जागा मिळण्याचे कारणच नव्हते.

तिची जपणूक केली ती संग्राहकांनी, आणि लेखणीने. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’, कमलाबाई देशपांडे यांचे ‘अपौरुषेय वाङ्मय’, मालतीबाई दांडेकर व दुर्गा भागवत यांचे लेखन, सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली निघालेले लोकसाहित्य समितीचे खंड, या सर्वांचे ऋण मोठे आहे. तथापि या परंपरेची एक मर्यादा तिच्या नावातच प्रकट होते. ‘अपौरुषेय’ म्हटले की कर्ता शोधण्याचे प्रयोजन संपते. ओव्या विषयवार लावावयाच्या: माहेर, भाऊ, पंढरी, बाळ. ओवीखाली गाणारणीचे नाव, गाव, वय देण्याचा प्रघात सामान्यतः नव्हता. ओवी ही समष्टीची निर्मिती आहे हा सिद्धांत बव्हंशी खराच. परंतु त्याच्या आडून एक अन्यायही घडला. पारंपरिक पहिली ओळ घेऊन तीस स्वतःची दुसरी ओळ जोडणारी बाई त्या क्षणापुरती रचनाकार असते. सासूच्या नावाच्या जागी आपल्या सासूचे, गावाच्या जागी आपल्या गावाचे नाव घालणे हा केवळ पाठभेद नव्हे. नाव पुसले की ही निर्मिती दिसेनाशी होते, आणि उरते ती परंपरा. जणू परंपरेस स्वतःचाच कंठ होता.

या स्थितीत बदल घडविणारे काम पुण्यात उभे राहिले. हेमा राईरकर व मूळचे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गी पोइटेविन यांनी ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेद्वारा १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी भागात ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. या कामाचा उगम वाङ्मयाभ्यासात नव्हता, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. गरीब डोंगरी संघटनेच्या बैठकांत बाया एरवी बोलत नसत. जात्यावरचे गाणे निघाले की बोलू लागत. ज्या बाया गाणाऱ्या त्याच पुढे आपल्या व शेजारच्या गावांतील ओव्या जमविणाऱ्या झाल्या, आणि त्या ओव्यांचा अर्थ लावण्यातही त्यांचा भाग राहिला. प्रत्येक ओवीस क्रमांक, गाणारणीचे नाव, वाडी, गाव, तालुका व विषय अशी नोंद जोडण्यात आली. कालांतराने हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. तीत हजाराहून अधिक गावे व तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया आहेत. राईरकर-पोइटेविन यांचे जाते व भक्ती यांच्या संबंधावरील इंग्रजी पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले.

त्याच सुमारास बर्नार्ड बेल हे संगीतशास्त्रज्ञ या कामात सहभागी झाले. ते मूळचे अभियंता. संगणकाच्या साहाय्याने भारतीय संगीताचा अभ्यास करणारे. त्यांनी ओव्यांची संगणकीय सूची घडविली, आणि गावोगाव जाऊन सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. येथे थोडा हिशेब करून पाहणे उद्बोधक ठरेल. १२० तास म्हणजे ४,३२,००० सेकंद. ते एक लाख ओव्यांस सारखे वाटले तर एकेकीच्या वाट्यास चार सेकंदांहून किंचित अधिक काळ येतो; आणि प्रत्यक्षात एक ओवी गळ्यातून उतरण्यास याच्या कितीतरी पट वेळ लागतो, कारण गाताना अर्धी ओळ पुन्हा पुन्हा येते, ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ असे भरीचे शब्द येतात आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर स्वर ताणला जातो. याचा अर्थ असा की या अपूर्व संग्रहाचाही फार मोठा भाग कागदावरच आहे. बहिणाबाईंच्या वहीची जी गत, तीच त्याची.

जे मुद्रित झाले त्याचे मोल यामुळे वाढते. परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील गंगूबाई अंबोरे यांचे ओवीगायन या मुद्रणांत आहे. सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्यांच्या तोंडून ऐकणाऱ्यास कळते की लिखित ओवीत दुःखाची केवळ नोंद असते. शब्दाच्या शेवटी श्वास जेथे तुटतो तेथे जो अर्थ आहे, त्यास देवनागरीत चिन्ह नाही. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्याही याच संग्रहात आहेत. जी चाल रामासाठी व विठ्ठलासाठी होती तीच येथे नव्या नायकासाठी वापरलेली आढळते. जुन्या छापील संग्रहांत या बायांचा आवाज क्वचितच उमटला. ओवीचे युग संपले, असे सांगणाऱ्यांनी ही रचना अवश्य ऐकावी.

ओवीचा प्रसंग मात्र संपला होता, हे खरे. गावोगाव पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे दळण थांबले. बायांचे कष्ट हलके झाले, त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. जात्याविषयी गहिवरून लिहिणाऱ्यांत जाते ओढलेले थोडेच. परंतु दळण गेल्याबरोबर गाणे सासूकडून सुनेकडे जाण्याची वाटही बंद झाली. १९९० च्या दशकात ज्या बायांनी ध्वनिमुद्रकासमोर जाते मांडून गाइले, त्यांतील अनेकींनी ते आठवणीतून गाइले.

मुद्रण झाले म्हणजे जपणूक झाली, असे नव्हे. चुंबकीय फितीवरील लेप काही दशकांत झडू लागतो, आणि फीत शाबूत राहिली तरी ती वाजविणारे यंत्र राहतेच असे नाही. डिजिटल फितीची यंत्रे सोनी कंपनीने २००५ मध्ये बनविणे थांबविले, हे याचे ठळक उदाहरण. लिखित पाठाचीही गत निराळी नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी संगणकावर जुळविलेला देवनागरी मजकूर ज्या त्या फाँटवर अवलंबून असे, आणि फाँट हरवला की ओवीच्या जागी निरर्थक चिन्हे उरत. या संग्रहातील ध्वनिमुद्रणे गुरुग्राम येथील अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत-अभिलेखागारात ठेवण्यात आली, ही दूरदृष्टीच होय. तथापि अभिलेखागार अभ्यासकांसाठी असते. मुळशीची किंवा परभणीची बाई आपल्या आईचा आवाज ऐकण्यास गुरुग्रामला जाणार नाही.

पोइटेविन २००४ साली निवर्तले, राईरकर २०१० साली. त्यांच्या पश्चात हा संग्रह विस्मृतीत जाण्याचा धोका होता. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या, पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या संस्थेने तो हाती घेतला आणि मार्च २०१७ पासून ओव्या आंतरजालावर क्रमशः प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. नमिता वाईकर, आशा ओगले, जितेंद्र मैड प्रभृतींनी या कामी परिश्रम घेतले. पैकी मैड हे मूळ संग्रहाच्या कामातही होते. प्रत्येक भागात ध्वनी, मराठी पाठ, भाषांतर, गाणारणीचे नाव, गाव व शक्य तेथे छायाचित्र असते. पुढे कार्यकर्ते पुन्हा त्या गावांत गेले आणि दोन दशकांनी वयस्क झालेल्या त्याच बायांना त्यांनी चित्रित केले. तीच ओवी तीच बाई वीस वर्षांनी कशी म्हणते, कोणती ओळ विसरते, कोणती नवी जोडते, याचा असा पुरावा मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात पूर्वी उपलब्ध नव्हता. ओवी एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाते म्हणूनच टिकते. त्या दृष्टीने जालावरील खुली प्रसिद्धी तिच्या मूळ स्वभावास अभिलेखागाराच्या कपाटाहून जवळची आहे.

या प्रसिद्धीने काही प्रश्न मात्र उभे केले, आणि ते उत्साहाच्या भरात दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला संमतीचा. १९९६ साली गाण्यास होकार देणाऱ्या बाईपुढे ध्वनिमुद्रकाची पेटी होती. आपला आवाज जगात कोठेही, कोणासही ऐकता येईल ही कल्पना तिच्यापुढे नव्हती व मुद्रण करणाऱ्यांपुढेही नसावी. जात्यावरची ओवी ही पहाटेच्या अंधारातील भाषा आहे. तीत सासरचे गाऱ्हाणे असते, दिराची कुरापत असते, नवऱ्याची अनास्था असते. नाव व गाव यांसह ती प्रसिद्ध झाली की गाऱ्हाण्यास पत्ता मिळतो. गाणारणीच्या जातीची नोंद हा असाच दुसरा नाजूक विषय. ती नोंद नसती तर माजलगावच्या ओव्यांचा सामाजिक अर्थ लागला नसता. ती असल्यामुळे प्रत्येक बाई तिच्या नावाआधी जातीने ओळखली जाण्याचा संभव राहतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

दुसरा प्रश्न स्वामित्वाचा. लेखक अनिश्चित असला म्हणजे गाण्यावर कोणाचाच हक्क नाही, असे मानण्याकडे संग्राहकांचा व त्याहून अधिक ध्वनिफितींच्या व्यापाऱ्यांचा कल असतो. कायदा तितका सरळ नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन सादरकर्त्याचा हक्क मान्य झाला व १० मे १९९५ पासून ती अमलात आली. १९९९ मध्ये या हक्काची मुदत पंचवीस वर्षांवरून पन्नास करण्यात आली. ओवी कोणाची हे ठरो वा न ठरो, ती विशिष्ट दिवशी, विशिष्ट आवाजात गाणारी बाई ही कायद्याच्या दृष्टीने सादरकर्ती आहे. बेल यांची मुद्रणे या दुरुस्तीनंतर लगोलग झालेली आहेत, हा योगायोग. परंतु त्यामुळे गाणारणीच्या नावाची नोंद हे केवळ शास्त्रीय शिस्तीचे अंग राहत नाही, तो तिच्या हक्काचा पुरावाही ठरतो. ज्या संग्रहांत नावच नाही, तेथे हक्क सांगावयाचा कोणी?

तिसरी गोष्ट भूगोलाची. या संग्रहाचा सर्वांत दाट भाग पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातला आहे, कारण तेथे संघटना होती. संग्रह कोठे दाट व कोठे विरळ याचा नकाशा हा कार्यकर्त्यांच्या पायवाटांचा नकाशा असतो, ओव्यांच्या घनतेचा नव्हे. त्यावरून प्रादेशिक निष्कर्ष काढणाऱ्या प्रबंधांनी सावध असावे. वऱ्हाडच्या दृष्टीने हे विशेष महत्त्वाचे आहे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो. ‘डोळा’ चा ‘डोया’, ‘काळा’ चा ‘काया’ होतो. आसोद्याच्या बोलीतही तेच आढळते, आणि सोपानदेवांनी आईची गाणी लिहिताना हे उच्चार जसेच्या तसे ठेवले, ही त्यांची थोर कामगिरी होय. इतर बहुतेक हस्तलिखित संग्रहांत लिहिणाऱ्याचे शिक्षण गाणारणीच्या जिभेवर मात करते व ‘डोया’ चा नकळत पुन्हा ‘डोळा’ होतो. पायनघाटातील मलकापूरपासून राजूरचा घाट चढून बालाघाटावरील देऊळघाटापर्यंत हा उच्चार कोठवर टिकतो व कोठे मराठवाड्याच्या वळणात विरतो, याचा माग लिखित ओव्यांवरून लावता येणार नाही. त्यासाठी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात असलेल्या, दळलेल्या आणि गाइलेल्या बायांचा आवाज हवा, नावासह व गावासह. आणि ध्वनिमुद्रक आज ज्याच्या त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.