पट्ट्याचे खिळे कोणत्या दिशेला?

बैलाला वेसण, घोड्याला लगाम, गाईला दावे, हत्तीला साखळदंड. मराठीने प्रत्येक प्राण्याच्या बंधनाला वेगळा शब्द दिला आहे. कुत्र्याच्या वाट्याला आला तो 'पट्टा'. वेसण नाकातून ओवली जाते, लगाम तोंडात बसतो. या शब्दांतच हुकमत आहे. पट्टा या शब्दात मात्र तसे काहीच नाही. तो धाकासाठी आहे, रक्षणासाठी आहे की केवळ ओळखीसाठी, हे पट्टा घडवणारा आणि दोरी धरणारा ठरवतो. या क्षुल्लक वस्तूचा इतिहास चाळावासा आम्हांला वाटला, तो याच कारणाने.

इजिप्तमधील 'राजांच्या खोऱ्या'त 1899 साली मैहेरप्री नावाच्या एका दरबारी माणसाचे थडगे सापडले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या थडग्यात कुत्र्यांचे दोन नक्षीदार चामडी पट्टे होते. एका पट्ट्यावर नाव आहे : तान्तानुइत. परलोकीच्या प्रवासाला निघालेल्या धन्याने कुत्रीचा पट्टा सोबत नेला आणि त्यावर नाव राखले ते तिचे.

ग्रीक लेखक झेनोफन याने शिकारीवरील ग्रंथात पट्ट्याचा थेट व्यावहारिक विचार केला आहे. पट्टा मऊ आणि रुंद असावा, म्हणजे कुत्र्याचे केस घासले जाणार नाहीत. दोरीला हात अडकवण्यापुरता फास असावा, आणि पट्टा व दोरी एकाच तुकड्याची नसावीत, कारण तशाने कुत्रा नीट आवरत नाही. आजच्या जाणकार विक्रेत्याचा सल्लाही याहून फारसा वेगळा नसतो.

रोमन पंडित व्हारो याने इ.स.पू. 37 मध्ये मेंढपाळांच्या कुत्र्यांचा पट्टा वर्णिला आहे. जाड चामडे, त्यातून बाहेर आलेले लोखंडी खिळे, आणि खिळ्यांच्या डोक्यांखाली आतून शिवलेले मऊ कातडे. हेतू हा की लोखंड मानेला बोचू नये. लांडग्याने एकदा हे खिळे अनुभवले, की बिनपट्ट्याचे कुत्रेही त्याच्यापासून सुरक्षित राहतात, असे तो सांगतो. हिमालयातील मेंढपाळ बिबट्यापासून रक्षण व्हावे म्हणून कुत्र्यांना काटेरी पट्टे घालतात, त्यामागेही हाच विचार आहे.

मात्र त्याच रोमन जगाची दुसरी बाजूही आहे. इ.स. 79 च्या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पाँपेईत 1874 साली एका कुत्र्याचा ठसा मिळाला. घरातील माणसे निघून गेली. गळ्यात पट्टा आणि साखळी असलेला तो कुत्रा जागीच पिळवटून मेला. बांधणाऱ्याने सोडवण्याची जबाबदारी विसरली, की पट्ट्याचे काय होते, याचा याहून बोलका पुरावा आमच्या पाहण्यात नाही.

विसाव्या शतकात खिळ्यांची दिशा उलटली. जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट याने 1910 साली श्वानशिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्याच्या पद्धतीत बक्षीस होते, पण सक्तीही होती, आणि टोके आत वळवलेला काटेरी पट्टा हे त्या सक्तीचे साधन होते. अमेरिकेत विल्यम केलर याच्या 1962 च्या पुस्तकाने गळफाशी साखळी घरोघरी पोहोचवली. झटका देताच ती आवळते आणि हात सैल होताच सुटते, हे तिचे तत्त्व. पण उलटी घातली तर ती सुटत नाही. आणि दोरी सतत ताणणाऱ्या कुत्र्याला तर सुटका अशी मिळतच नाही. व्हारोचा पट्टा लांडग्याला शिकवत होता. हा पट्टा कुत्र्यालाच लांडगा समजून शिकवतो.

याला उत्तरही त्याच शतकाने दिले. बी. एफ. स्किनर याने 1951 च्या एका लेखात दाखवले, की नेमक्या क्षणी केलेला छोटा आवाज आणि लगेच दिलेला घास यांनी कुत्र्याला शिकवता येते. कॅरेन प्रायर यांच्या 1984 च्या पुस्तकाने ही रीत सर्वसामान्यांपर्यंत नेली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पट्टा ताणला असता कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, छातीवरच्या साजाने मात्र तसा वाढत नाही, असे आढळले. वेल्सने 2010 मध्ये विजेचा धक्का देणाऱ्या पट्ट्यांवर बंदी घातली. आपल्याकडे 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानतो. तरीही बंगल्यांच्या फाटकांपाशी दिवसचे दिवस हातभर साखळीला बांधलेले कुत्रे दिसतातच.

मग निवड कशी करावी? दोन बोटे सहज आत जातील असा रुंद, सपाट पट्टा. हाताला न कापणारी साधी दोरी. ओढणाऱ्या कुत्र्याला छातीचा साज. यापलीकडचे काम साधनाचे नसून संयमाचे आहे. दुकानात काटेरी साखळी हाती आली, तर टोके कोणत्या बाजूला वळली आहेत एवढे पाहावे. आत वळली असतील तर ती परत ठेवावी.