'अधोलोक' : कवीच्या सावलीतील कादंबरी

हारुकी मुराकामी यांच्या 'काफ्का ऑन द शोअर' (२००२) मधील स्वप्नवास्तवाने भारावलेले विद्यार्थी आम्हाला वर्गात भेटतात. अमरावतीकर वसंत आबाजी डहाके यांची 'अधोलोक' (१९७५) मात्र त्यांनी पाहिलेलीही नसते. दोष आम्हा शिकविणाऱ्यांचाच. 'योगभ्रष्ट' ही दीर्घकविता १९६६ साली 'सत्यकथे'त आली, आणि समीक्षेने डहाके यांना कवी ठरवून टाकले. २००९ चा साहित्य अकादमी पुरस्कारही 'चित्रलिपी' या कवितासंग्रहालाच. वस्तुतः त्या दीर्घकवितेतील भयस्वप्नच पुढे 'अधोलोक' आणि 'प्रतिबद्ध आणि मर्त्य' (१९८१) या कादंबऱ्यांच्या गद्यात उतरले, असे आमचे मत आहे. नीटस कथानक शोधणारा वाचक तेथे अडखळतो. (प्रथमवाचनात आम्हीही अडखळलो होतो.) यापुढे 'योगभ्रष्ट' शिकवून झाली की लगोलग 'अधोलोक' वाचायला देण्याचे आम्ही ठरविले आहे.